नहरापलीकडचं लुगडं

"ते पातळ तिथंच राहू दे," विमलाबाई म्हणाल्या. "मी ठेवलं हाय ते."

"आई, काल बी सांगतलं, परवा बी सांगतलं. तिथं पातळ नाही चालत." प्रतिक्षानं पिशवीतून पांढरं पातळ बाहेर काढलं होतं आणि घडी मोडू नये म्हणून दोन्ही हातांवर आडवं धरून ती दारात उभी होती. सासूवर चिडली तरी सासूची घडी ती मोडत नसे.

"शोमध्ये नाही नेसत मी. शो झाल्यावर नेशीन."

"शो झाल्यावरच तं खरे फोटो असतात. पाहुणे येऊन भेटतात, बोलतात. तेव्हाच तुम्ही पातळ नेसून बसल्या तं मॅडम काय म्हणन?"

"काय म्हणन?"

"म्हणन, हे सगळं नाटकच होतं."

"मग नाटकच तं हाय व ते," विमलाबाई म्हणाल्या आणि गॅसवरचं दूध उतू जायच्या आत उतरवलं. "दोन वर्सं झाले माह्या गुडघ्यानं बांधी पाहिली नाही. रोवणा करते कोण अन् चिखल कोणाच्या पायाले?"

पडवीत विमलाबाईंचे यजमान आनंदराव नव्या बुटाला पॉलिश करत होते. भांडण आत चाललं की त्यांचा ब्रश जोरात चाले. शाळेत शिपाई म्हणून तीस वर्षं त्यांनी घंटा दिली होती आणि निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच त्यांना कुठल्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलं होतं, तेही मुंबईच्या बाईचं. उद्यासाठी त्यांनी सफारी शिवून घेतली होती. मुलगा सुगत लाखांदूरला औषधाच्या दुकानात कामाला. त्यानंही उद्याची सुट्टी काढली होती आणि सकाळपासून तो मोबाइल चार्जिंगला लावून त्याच्याकडेच बघत बसला होता. आई आणि बायको यांच्यामध्ये कुणाकडे बघायचं नसलं की त्याला मोबाइल बरा पडे.

उद्या तुमसरला एका बंद पडलेल्या राइस मिलमध्ये फॅशन शो होता. त्यात सगळ्यात आधी आणि सगळ्यात शेवटी विमलाबाई चालणार होत्या. अंगात आनंदरावांचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, खाली कासोटा मारून मांडीपर्यंत खोचलेलं लुगडं, डोक्याला दुपट्टा, पिंढऱ्यांना चिखल. हे त्यांना नको होतं. हे त्यांनी घरात कुणाला सरळ सांगितलं नव्हतं, कारण कुणी सरळ विचारलंच नव्हतं.

याची सुरुवात लॉकडाऊनमध्ये झाली होती. प्रतिक्षा तेव्हा नागपुरात एका बुटीकमध्ये होती. फॅशन डिझाइनिंगचा कोर्स केलेली, हाताची चलाख पोरगी. एकदा एका मोठ्या शोमध्ये पडद्यामागे पिना लावायचं काम तिला मिळालं होतं आणि ते ती अजून सांगे: एवढ्या उंच पोरी, चेहरे असे घट्ट की माशी बसली तरी हलायच्या नाहीत, आणि पुढच्या खुर्चीत कोण बसणार यावरून भांडणं. मग सगळंच बंद झालं. बुटीकला कुलूप लागलं आणि ती नवऱ्याकडे दिघोरीला येऊन पडली. शिलाई मशीनजवळ बसायची, कापड नसायचं. त्याच दिवसांत मुंबईच्या एका मॅडमनं मोबाइलवर कळवलं की यंदा शो नाही, खुर्च्या नाहीत, मॉडेल नाहीत. जो जिथं अडकला असेल त्यानं तिथल्या माणसांच्या अंगावरचं कापड आपल्या फोनवर काढून पाठवावं, त्याचाच शो करू.

धान मात्र लॉकडाऊनला थांबलं नव्हतं. रोवणे, म्हणजे धानाच्या लावण्या, जोरात होते. बांध्या, धानाचे ते पाणी भरलेले वाफे, चिखलून तयार होत्या आणि बाया वाकून पऱ्ह्याची रोपं रोवत होत्या. दुपारी भाजीभाकरीचा डबा घेऊन प्रतिक्षा शेतावर गेली. दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून सासू येत होती, मागे आभाळ काळं झालेलं. धानाची पात हाताला कापू नये म्हणून लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, हातात पऱ्ह्याची पेंढी. पोरीनं फोन काढला.

तिचा त्यात काही दोष नव्हता. तिला माहीतच नव्हतं.

गाव आणि बांध्या यांच्यामध्ये नहर होता, धानाला पाणी देणारा कालवा. त्या नहरावर एक घसरडा दगड होता आणि त्या दगडावर विमलाबाईंच्या घरातल्या बाया पाय धूत. सासूनं घालून दिलेला नियम होता तो. चिखल तिथं उतरायचा, खोचलेलं लुगडं तिथं सोडून घोट्यापर्यंत आणायचं, शर्ट काढून गुंडाळून काखेत धरायचा, केस सारखे करायचे, आणि मगच गावात पाय ठेवायचा. सासू दीक्षेच्या वेळी चौदा-पंधरा वर्षांची, आईबरोबर नागपूरला गेलेली. तिच्या आईनं तिला सांगितलं होतं की बाबासाहेबांनी आपल्या बायांना पायघोळ लुगडं नेसायला लावलं, आपली बाई लांबून लुगड्यावरून ओळखू येऊ नये म्हणून. हे सासू देवाजवळची गोष्ट सांगावी तसं नव्हे, पाणी उकळून प्यावं तसं सांगे. विमलाबाई लग्न होऊन आल्या त्या पावसाळ्यात एकदा घाईनं तशाच नहर ओलांडून आल्या, तेव्हा सासूनं त्यांना दारातून परत पाठवलं होतं. रागावली नाही. "जा, नेसून ये," एवढंच म्हणाली.

गावातले पुरुषही ते पाळत. रोवण्याच्या बायांजवळून जायची वेळ आली तर खाली पाहून धुऱ्यानं निघून जात. आनंदरावांनी चाळीस वर्षांच्या संसारात आपल्या बायकोला नहरापलीकडच्या वेशात कधी नीट पाहिलं नव्हतं. पाहिलं ते मोबाइलमध्ये, सगळ्या जगाबरोबर.

पुढचं फार भराभर झालं. मॅडमला ती सैल शर्टाची, खोचलेल्या लुगड्याची बाई इतकी आवडली की शोमध्ये सगळ्यांत शेवटी तिला दाखवलं. लोक घरात बसून कंटाळले होते, घट्ट कपड्यांना विटले होते. सैल पाहिजे होतं, हातानं केलेलं, वापरलेलं, कुणाचं तरी खरं. प्रतिक्षा हे सगळं समजावून सांगे आणि ते खोटं नव्हतं. शो पुन्हा सुरू झाले ते जुन्यासारखे झाले नाहीत. मोठे हॉल गेले. आता कुणी विहिरीच्या पायऱ्यांवर शो करी, कुणी कारखान्यात, थोडेच पाहुणे बोलावून, बाकीचे फोनवर. उंच पोरींच्या मध्ये एखादी म्हातारी, एखादी लठ्ठ बाई, एखादा पांढऱ्या केसांचा माणूस चालू लागला. मॅडमनं नव्या कपड्यांना नाव दिलं 'रोवणा'. शर्ट शिवायचं काम प्रतिक्षाला दिलं. तिनं मागच्या खोलीत मशिनी मांडल्या आणि गावातल्या बाया कामाला घेतल्या. त्यांतल्या उर्वशीबाई विमलाबाईंच्या जन्माच्या जोडीदारीण. रोवण्याला दोघी एका ओळीत असत. कंबर गेल्यापासून त्या घरीच होत्या, आता काज-बटण करत.

घर मात्र तिथंच थांबलं. पडवीला फरशी बसवायची ठरली होती. मॅडमला शेणाचं सारवण आवडलं, म्हणून फरशी राहिली, आणि गुडघ्याचं दुखणं घेऊन विमलाबाई पुन्हा सारवू लागल्या. केसांना दर महिन्याला काळी मेंदी लावायच्या. प्रतिक्षानं गोड बोलून ती पुडी कपाटात वर ठेवली. कुणी फोटो काढायला आलं की आनंदराव इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसत आणि सांगत, "शर्ट माहा हाय." त्यांना कुणी चिखलात उभं राहायला सांगत नसे. पौर्णिमेला विमलाबाई पेजेची खळ दिलेलं पांढरं पातळ नेसून विहारात गेल्या, तर पंचशील संपल्यावर मागच्या रांगेतली एक सून म्हणाली, "आजी, शर्ट नाही घातला आज?" सगळ्या हसल्या. विमलाबाईही हसल्या. हसण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही अशा ठिकाणी माणूस हसतो.

एकदा मागच्या खोलीत उर्वशीबाईंपाशी त्यांनी विषय काढून पाहिला. म्हणाल्या, "मले आता नको वाटते व हे."

उर्वशीबाईंनी दातांनी दोरा तोडला. "नको म्हणू नको बाई. तुह्या पिंढरीवर आमच्या चुली पेटून राहिल्या."

खोलीतल्या साऱ्या बाया खो-खो हसल्या, मशिनी थांबल्या. विमलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या दिवसापासून त्यांनी कुणाजवळ विषय काढला नाही.

मग मागच्या आठवड्यात तुमसरला रंगीत तालीम झाली.

मिलचं शेड भलं मोठं होतं. बसायला खुर्च्या नव्हत्या, धानाची पोती भरून मांडली होती आणि त्यांवर बारदाना. मधोमध माती टाकून, पाणी मारून लांबच लांब बांधी केली होती. हमाल अजून घमेल्यानं माती आणत होते. कडेला पोरी उभ्या होत्या, अंगात तसेच सैल शर्ट, पण मऊ कापडाचे, आणि खाली तसंच खोचलेलं लुगडं. विमलाबाईंनी खरं तेच मनात कबूल केलं: पोरी छान दिसत होत्या. त्यांच्यावर ते नवं होतं. त्यांनी ते आज घातलं होतं आणि संध्याकाळी उतरवून ठेवून त्या आपल्या कपड्यात घरी जाणार होत्या.

मास्क लावलेली एक मुलगी स्टीलच्या वाटीत चिखल कालवून आली. वाळून तडकू नये म्हणून त्यात तेल घातलं होतं. "मौसी, ठंडा लगेगा," असं म्हणून ती खाली बसली आणि ब्रशनं त्यांच्या पिंढरीवर चिखल रंगवू लागली. घोट्याजवळ दाट, वर पातळ, गुडघ्याला दोन शिंतोडे. मग मान वाकडी करून तिनं लांबून पाहिलं आणि आणखी एक शिंतोडा दिला. सारं आयुष्य जो चिखल दगडावर घासून काढला, तो एक शिकलीसवरली पोर इतक्या मायेनं लावत होती की तिला थांबवायलाही जीव होईना.

विमलाबाईंनी मॅडमला विचारलं होतं. आपल्या परीनं, हिंदी-मराठी जोडून. शेवटच्या फेरीला पांढरं पातळ नेसलं तर? मॅडमनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. फार चांगली बाई. म्हणाली, आई, तुम्ही आहात तशाच आम्हाला हव्या आहात, आमच्यासाठी तुम्ही काहीच बदलू नका. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्यापुढे विमलाबाईंनी मान डोलावली.

त्या चालल्या. दिवे अंगावर घेऊन मातीतून शेवटापर्यंत गेल्या, आणि चिखल संपून कोरडी जमीन लागली तसा त्यांचा हात आपोआप कमरेकडे गेला, खोचलेलं लुगडं सोडायला. लगेच माइकवरून आवाज आला, "नहीं नहीं, वैसे ही रखिए. खड़े रहिए." त्या उभ्या राहिल्या. फोटो निघत होते.

तेवढ्यात मातीचं घमेलं घेऊन एक हमाल समोरून आला. दिघोरीचाच श्रावण, आनंदरावांच्या नात्यातला, बरीच वर्षं तुमसरच्या मिलांत कामाला. त्यानं ओळखलं. हात मोकळे नव्हते म्हणून मानेनंच "जय भीम, वहिनी" केलं, आणि त्याच क्षणी नजर जमिनीला लावून, धुऱ्यानं जावं तसा, दिव्यांच्या कडेकडेनं निघून गेला.

एवढ्या माणसांत त्या एकट्यानंच त्यांच्याकडे पाहिलं नाही. आणि त्यानं पाहिलं नाही म्हणूनच त्यांना आपण उघड्या उभ्या आहोत हे कळलं.

हे त्यांनी घरी आल्यावर सांगितलं नाही. आल्या, आंघोळ केली, तेलाचा चिखल साबणानं निघेना म्हणून पुन्हा केली, आणि भाकरी टाकायला बसल्या. फक्त नंतरच्या दिवसांत त्यांनी पातळाला खळ दिली, गादीखाली घालून घडी बसवली आणि आज पिशवीत ठेवलं. इतकंच मागावं असं त्यांनी ठरवलं होतं. ते पातळ आता सुनेच्या हातांवर होतं.

"उद्या सारा तालुका येऊन राहिला," प्रतिक्षा म्हणत होती, "मुंबईहून लोकं तुमसर रोडले उतरतीन. परदेशातले फोनवर पाहतीन. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा शो आपल्याकडे येऊन राहिला, आई. माह्यासाठी नाही तं त्या मशिनीवरच्या बायांसाठी तरी."

"त्यांच्यासाठीच तं आतापर्यंत केलं."

"मग एका दिवसानं काय होते?"

पडवीतून आनंदराव म्हणाले, "सुगतची माय, लोकं तरसतात अशा मानासाठी. तुले घरबसल्या भेटला."

"तुम्ही सफारी घालून चालले ना? मग झालं," विमलाबाई म्हणाल्या. ब्रश थांबला.

सुगतनं मोबाइलवरून डोकं वर काढलं. आयुष्यात तो भांडण मिटवायला क्वचितच मध्ये पडत असे, आणि पडला की असाच पडत असे. "एवढं कायले ताणून राहिले? आईचे गुडघे दुखतात तं राहू दे आईले. मॅडमनं त्या दिवशी म्हटलंच होतं, सासूच्या जागी सून आली तरी चालन. उलट चांगलं दिसन म्हणे. प्रतिक्षा, तूच चाल ना."

"मी?"

"शर्ट तूच शिवला. लुगडं तुले आई नेसवून देईन."

"काही बी काय बोलता तुम्ही," प्रतिक्षा म्हणाली. "माह्या माहेरचे सारे येऊन राहिले उद्या. माहे बाबा येऊन राहिले. हेडमास्तर होते ते. मी काय त्याईच्यासमोर मांड्या..."

ती तिथंच थांबली.

मागच्या खोलीत एक मशीन चालू होतं, ते धागा तुटला असावा तसं मध्येच बंद पडलं. प्रतिक्षाचा चेहरा हळूहळू लाल झाला, कानापर्यंत. तिनं पातळ छातीशी धरलं, मग ते तिथं धरल्याचं लक्षात येऊन खाली केलं. ते कुठं ठेवावं हे तिला कळेना. पिशवीत परत ठेवावं तर हरल्यासारखं, कपाटात ठेवावं तर आता हात धजेना.

विमलाबाई तिच्याकडे पाहत होत्या. त्यांना राग आला नाही. आला असता तर सोपं झालं असतं. पोर वाईट नव्हती. कामाच्या धाकानं ती दिवसरात्र मरत होती. सासूला ताप आला तर हातचं काम टाकून लाखांदूरला नेत होती. जे स्वतःला नको ते दुसऱ्याला चालेल, असं तिनं मुद्दाम कधी ठरवलं नव्हतं. तिला ते दिसलंच नव्हतं. घरातल्या कुणालाच दिसलं नव्हतं, कारण विमलाबाई मातीतून आलेल्या बाई होत्या आणि मातीतून आलेल्या बाईला कसली लाज, असंच प्रेमानं सगळे धरून चालले होते. मॅडम प्रेमानं, नवरा अभिमानानं, उर्वशी पोटासाठी.

त्यांना मशिनी आठवल्या. उद्याच्या एका दिवसानं काय काय मोडेल, हेही त्यांनी मनात फिरवून पाहिलं. मॅडम काम दुसरीकडे नेईल किंवा नेणारही नाही. उर्वशी तोंड फिरवेल. प्रतिक्षा कदाचित नागपूरला निघून जाईल आणि सुगतलाही नेईल. आनंदरावांची सफारी खुंटीवर लटकत राहील आणि ते रोज तिच्याकडे बघून उसासा टाकतील. यातलं काहीच लहान नव्हतं.

"आई," प्रतिक्षा हलक्या आवाजात म्हणाली, "मले तसं नव्हतं म्हणायचं."

"तुले तसंच म्हणायचं होतं," विमलाबाई म्हणाल्या, "अन् बरोबर हाय ते. तुह्या बाबानं तुले तसं पाहू नये."

त्यांनी दुधाच्या भांड्यावर झाकण ठेवलं, ओले हात पदराला पुसले आणि पडवीत आल्या, म्हणजे बोलणं तिघांनाही एकदम ऐकू यावं. आनंदरावांच्या एका पायात बूट होता, एक हातात. त्यांनी वर पाहिलं. सुगत उभा राहिला.

"मी उद्या तुमसरले येत नाही," विमलाबाई म्हणाल्या. "चिखल लावून मी आता कोणासमोर चालत नाही, उद्या बी नाही अन् पुढं बी नाही. सुगत, मॅडमले फोन लाव, मी स्वतः सांगते."